थंडीबाईंचा दुसरा स्फटिक

भर उन्हाळ्यात, टळटळीत दुपारी, एखादी बाई अंगात लोकरी स्वेटर घालून रस्त्यानं झपाझप चाललेली दिसली तर लोक वळून बघणारच. या बाईंकडेही सुरुवातीला बघत. मग गल्लीला सवय झाली. कोपऱ्यावरचा किराणावाला नव्या गिऱ्हाइकाला हसत सांगायचा, "तापबीप काही नाही हो त्यांना. संशोधन संस्थेतल्या थंडीबाई त्या. बर्फालाही हुडहुडी भरेल अशा ठिकाणी काम करतात."

खरं म्हणजे ती थंडी एका उंच, चकचकीत पिंपाच्या पोटात असे. त्यातल्या द्रवरूप हेलियममुळे पिंपात ठेवलेली वस्तू इतकी गार होई की त्याखाली उतरायला जवळजवळ जागाच उरत नसे. बाहेरची खोली यंत्रांसाठी जरा गारेगार ठेवलेली, म्हणून बाई स्वेटर घालत आणि निघताना काढायला विसरत. एवढीच काय ती गोष्ट. पण नाव पडलं ते पडलं, आणि बाईंना ते आवडलंही.

त्यांचे वडील फ्रिज दुरुस्त करत. लहानपणी सुट्टीत त्या वडिलांबरोबर घरोघरी जात, पाना-पक्कड हातात देत आणि प्रश्न विचारून भंडावून सोडत. "थंडी आत येते कुठून?" असं एकदा विचारल्यावर वडील म्हणाले होते, "थंडी येत नाही गं कुठून. आतली उष्णता बाहेर जाते, बस्स." त्या दिवसापासून उष्णता जाते म्हणजे नेमकी कशी जाते, याचं त्यांना वेडच लागलं. पण वेड लागलं म्हणून आयुष्य थांबत नाही. पदवी झाली, लग्न झालं, शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, मुलगी झाली, मोठी झाली. शाळेत त्या पोरांना वर्गाच्या दाराची पितळी कडी आणि लाकडी फळी हात लावून बघायला सांगत. दोन्ही एकाच खोलीत, मग कडीच का गार लागते? पोरं डोकं खाजवत. बाईंना उत्तर माहीत होतं, पण त्या उत्तराच्या पोटातलं उत्तर माहीत नव्हतं. ते त्यांना बोचत राही.

चाळिशी ओलांडल्यावर एक दिवस त्यांनी संस्थेत पीएच.डी.साठी अर्ज केला. मुलाखतीला बरोबरीची सगळी मुलं त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाची. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, स्पष्ट विचारतो, रागावू नका. या वयात कशाला ही यातायात?"

"वय काय, घरी बसले तरी वाढणारच आहे, सर," बाई म्हणाल्या. "म्हटलं, वाढता वाढता काही कामाला लावावं."

सर हसले आणि त्यांनी बाईंना घेतलं.

घरी सासूबाईंनी डोक्याला हात लावला. "म्हणजे तू आता परत शिकायला जाणार? शिकवायला नाही?"

"हो, आई."

"मग उद्यापासून डबा मी भरते. शिकवणाऱ्याचं चहावरही भागतं. शिकणाऱ्याला भूक लागते." असं म्हणून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या, आणि पुढं त्यांनी तो डबा एकदाही चुकवला नाही. मात्र रोज तो हातात देताना एखादा टोमणाही त्यासोबत बांधून दिला. बाईंचे यजमान चष्मेवाले होते. बाजारात त्यांचं छोटंसं दुकान. ते एवढंच म्हणाले, "डोळे सांभाळ. बारीक काम असणार."

काम खरंच बारीक होतं. काडेपेटीतल्या काडीएवढा स्फटिकाचा तुकडा. त्याचं एक टोक तांब्याच्या थंडगार ठोकळ्याला चांदीच्या लेपानं चिकटवायचं. दुसऱ्या टोकाला इवलासा हीटर. मधे दोन ठिकाणी मोहरीच्या दाण्याएवढे दोन तापमापक, केसाहून बारीक तारांनी जोडलेले. सगळं झाकणाखाली बंद करून आतली हवा काढून घ्यायची, पिंपात सोडायचं आणि हीटर लावायचा. दोन तापमापकांत जेवढा कमी फरक, तेवढी उष्णता स्फटिकातून सहज वाहते आहे. फरक जास्त असेल तर वाटेत कोणीतरी तिला अडवतं आहे. ऐकायला सोपं. पहिलं वर्ष बाईंनी नुसत्या तारा तोडल्या. चिमटा हातात धरला की श्वास आपोआप रोखला जाई, आणि नेमका सोडला की तार तुटे. शेजारच्या टेबलावरची मुलं कीव करत. पण फ्रिजवाल्याची मुलगी होती ती. गळती शोधण्यात आणि जोड घट्ट बसवण्यात तिचा हात हळूहळू असा बसला, की मुलंच पुढं आपापले तुकडे घेऊन "बाई, एवढं चिकटवून द्या ना" म्हणत मागं लागली.

हे स्फटिक तयार होत तळमजल्यावर, भट्टीकाकांकडे. काका संस्थेतले सर्वांत जुने शास्त्रज्ञ. माणूस आडदांड, आवाज खणखणीत. दार जोरात लोटणाऱ्याची ते खैर करत नसत, कारण धक्का बसला तर आत चाललेलं काम बिघडणार. पांढऱ्या शुभ्र भुकट्या एका भांड्यात घालून त्या डोळे दिपतील इतक्या तापवायच्या, त्या रसाच्या पृष्ठभागाला बारीकसा बीज-स्फटिक टेकवायचा आणि मग तो फिरवत फिरवत इतक्या हळू वर ओढायचा, की बघणाऱ्याला तो हलतोय हे कळूही नये. रस बीजाला धरून थिजत जातो, अणूंच्या ओळीला ओळ लागत जाते. दिवसच्या दिवस हे चाले. काका भट्टीशी बोलत. "ए शहाणे, आज नाटकं नकोत हं," असं म्हणताना त्यांना सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असे.

त्यांनी बाईंसाठी दोन स्फटिक वाढवले. दोन्हींची रचना एकच, जशा एकाच साच्यातून काढलेल्या दोन विटा. फरक एवढाच, की पहिल्यात ज्या जागी एका साध्या, चुंबकत्व नसलेल्या धातूचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, बसले होते, त्या जागी दुसऱ्यात त्याच घराण्यातल्या दुसऱ्या धातूचे आयन होते आणि यांतला एकेक आयन म्हणजे एकेक चिमुकला चुंबक. पहिला स्फटिक पाण्यासारखा निर्मळ. दुसऱ्याला लिंबाच्या सालीची अगदी फिकट झाक.

पहिल्यानं बाईंना खूश करून टाकलं. उष्णता त्यातून अशी धावली, जशी मोकळ्या रस्त्यावर सायकल. सरांनी आलेख बघून पाठ थोपटली. मग बाईंनी दुसरा लावला, आणि उष्णता जागच्या जागी अडकली. इतका सुबक स्फटिक, पण उष्णता वाहून न्यायच्या बाबतीत खिडकीच्या काचेच्या पंगतीत जाऊन बसला.

सरांनी आलेखाकडे बघितलं, उसासा टाकला आणि म्हणाले, "आत तडे असणार. काकांचा हात आता पूर्वीचा राहिला नाही, बाई."

ते खोटं होतं असंही नाही. काका निवृत्तीला आले होते. अलीकडे ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरत. भट्टी बंद करून ती जागा दुसऱ्या कामाला द्यावी, स्फटिक बाहेरून विकत आणावेत, अशी कुजबुज वरच्या मजल्यावर चालूच होती. आता त्या कुजबुजीला आयतंच निमित्त मिळालं. बाई कोणाला काही बोलल्या नव्हत्या, पण भिंतींना कान असतात. दोनच दिवसांत काकांनी बाईंना जिन्यात गाठलं.

"काय हो बाई, माझ्या स्फटिकाला तडे आहेत म्हणे?"

"मी असं म्हटलेलं नाही, काका."

"मग काय म्हटलंत?"

"अजून काहीच म्हटलेलं नाही. मलाच कळलेलं नाही."

"मग कळू द्या लवकर! तोवर माझी वरात निघालीय सगळ्या इमारतीत." आणि काका तरातरा खाली उतरून गेले. त्यानंतर समोरून बाई आल्या की ते भिंतीवरची सूचना वाचायला लागत.

बाईंच्या ते जिव्हारी लागलं. सरांनी सोपी वाट दाखवली होती. दुसऱ्या स्फटिकापुढं 'नमुना सदोष' असं लिहायचं, पहिल्याच्या जोरावर प्रबंध पुरा करायचा, पदवी घेऊन मोकळं व्हायचं. वाईट हेतू नव्हता त्यांचा. बाईंचं वय, घर, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं होतं. पण बाईंचा पेन त्या दोन शब्दांवर अडला. 'सदोष' म्हणायला दोष दिसायला हवा ना? त्या म्हणाल्या, "सर, मला थोडा वेळ द्या."

थोडा वेळ म्हणता म्हणता बरेच महिने गेले. बाईंनी जोड उखडून पुन्हा केले. तापमापक अदलून बदलून बघितले. त्याच स्फटिकाच्या दुसऱ्या टोकाचा तुकडा कापून घेतला. क्ष-किरणांनी तपासून घेतला, तर अणूंच्या रांगा शिस्तीत उभ्या. एक तुकडा डबीत घालून यजमानांच्या दुकानातही नेला. त्यांनी तो आपल्या भिंगाखाली बराच वेळ फिरवला.

"अगं, आयुष्यभर काचा घासतोय मी," ते म्हणाले, "पण इतकी स्वच्छ वस्तू माझ्या भिंगाखाली आली नव्हती. हिला तडा आहे म्हणणाऱ्याला माझ्याकडं पाठव. नंबर तपासून देतो."

बाई हसल्या, पण कोडं सुटलं नव्हतं. घरी त्या भाजी निवडता निवडता देठ टोपलीत आणि पानं कचऱ्यात टाकत. सासूबाईंनी मुकाट्यानं जुडी हातातून काढून घेतली. "ती तुझी उष्णता कुठं अडकलीय ते आधी बघ. मग स्वयंपाकाला हात लाव."

कुठं अडकली होती? बाईंनी दोन्ही स्फटिकांचे आलेख एकावर एक ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसल्या. बघता बघता एक गोष्ट डोळ्यांत भरली. दुसऱ्या स्फटिकाचा आलेख सगळीकडे सारखा खाली गेलेला नव्हता. तापमानाच्या एका ठरावीक पट्ट्यात त्याचा लचका तोडलेला होता. स्फटिकातली उष्णता म्हणजे अणूंच्या रांगांतून पळणारी कंपनं. कमी तापमानाला संथ कंपनं उष्णता वाहतात, वाढत्या तापमानाला वेगवान. तडा असता तर त्यानं आल्या-गेल्या सगळ्यांना अडवलं असतं. इथं जो कोणी बसला होता, तो निवडून निवडून अडवत होता.

आणि निवडून अडवणारे तर तिथं जागोजाग बसलेले होते! ते चिमुकले चुंबक, ते आयन. प्रत्येक आयनाला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या असतात. दोन पायऱ्यांमधल्या उंचीला अगदी जुळेल असं कंपन आलं, की आयन ते गिळून वरच्या पायरीवर चढतो. मग खाली उतरताना तेवढंच कंपन परत सोडतो, पण वाट्टेल त्या दिशेला. पुढं निघालेली उष्णता मागं, आडवी, कुठंही. बाजारातून घरी निघालेल्या माणसाला दर दारात एक ओळखीचा भेटावा, त्यानं आत ओढून न्यावं आणि बाहेर पडताना आपण कुठं निघालो होतो तेच माणसानं विसरावं, तशी गत.

विचार पटत होता, पण नुसत्या पटण्यावर बाईंचा भरवसा नव्हता. हे खरं असेल तर त्याची परीक्षा घेता येईल. बाहेरून मोठं चुंबकीय क्षेत्र लावलं तर आयनांच्या पायऱ्यांमधलं अंतर वाढेल. अंतर वाढलं की ती कंपनं त्यांच्या मापाची राहणार नाहीत, आयन त्यांना गिळू शकणार नाहीत आणि उष्णता पुन्हा धावू लागेल. आणि तडा असेल? चुंबक लावून तडा काही सांधला जात नाही.

मोठा चुंबक शेजारच्या विभागात होता. सरांनी शब्द टाकला, बाईंना पाळी मिळाली. आदल्या दिवशी त्या तळमजल्यावर गेल्या. काका भट्टीपाशी पाठमोरे बसले होते.

"काका, उद्या तो स्फटिक चुंबकात ठेवणार आहे. उष्णतेचा ओघ वाढला तर तुमचा स्फटिक निर्दोष. नाही वाढला, तर माझ्याकडं दुसरं काही उरलेलं नाही. मग मला तो सदोष आहे असंच लिहावं लागेल. दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी तुम्हाला सांगायला आले."

काका वळून म्हणाले, "लिहायला लागलं तर खरंच लिहाल?"

"लिहीन."

"बरं." त्यांनी हात फडक्याला पुसले. "मी आलो तर चालेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून हजर. कोपऱ्यातल्या स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसले. बाईंनी हीटर लावला, तापमान स्थिर होऊ दिलं, दोन तापमापकांमधला फरक वाचला. मोठाच होता, नेहमीसारखा. मग त्यांनी चुंबकाचा प्रवाह हळूहळू चढवायला सुरुवात केली. पडद्यावरचा आकडा आधी हललाच नाही. मग तो थोडा उतरला. आणखी उतरला. क्षेत्र चढत गेलं तसा फरक आटत गेला. उष्णता वाट काढत होती! बाईंनी क्षेत्र उतरवलं. फरक पुन्हा होता तिथं आला. चढवलं. पुन्हा आटला.

"काका, बघताय ना?" बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

"बघतोय," काका म्हणाले. "आणखी एकदा करा."

बातमी कळताच सर धावत आले. आकडे बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच गंभीर झाला. "बाई, तुमचा उत्साह घालवायचा नाही मला. पण चुंबकात तापमापकही बहकतात. हा फरक स्फटिकातला की तापमापकांतला?"

प्रश्न रास्त होता. तापमापक निवडताना बाईंनी काळजी घेतली होती, पण क्षेत्रात ते किती बहकतात हे स्वतः मोजलं नव्हतं. हातातोंडाशी आलेला घास अडकला. काका मात्र उठले. "मग पहिला स्फटिक लावा की त्या जागी. त्यात चुंबक नाहीत. तापमापक खोटं बोलत असतील तर तिथंही बोलतील."

"मीही तेच सांगणार होतो," सर म्हणाले, आणि त्या दोघांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एकमेकांकडे नीट बघितलं.

पुन्हा सगळं उकललं, पुन्हा चिकटवलं, पुन्हा चुंबकाच्या पाळीची वाट बघितली. या वेळी सर स्वतः आकडे टिपायला बसले. पहिल्या स्फटिकात क्षेत्र लावल्यावर तापमापक बहकले खरे, पण जेमतेम. दुसऱ्या स्फटिकात दिसलेला बदल त्याच्या कितीतरी पट मोठा होता. शंकेला जागा उरली नाही. उष्णतेला अडवणारे ते आयनच होते.

सर त्याच दुपारी जिना उतरून भट्टीपाशी गेले. दार त्यांनी अलगद लोटलं. "काका, मी तुमच्या हाताला दोष दिला होता," ते म्हणाले. "चुकलं माझं."

"हात कापतो हो माझा," काका म्हणाले. "ते खरंच आहे. म्हणून तर ओढायचं काम मी यंत्राकडं दिलंय आणि स्वतः नुसता ओरडतो." आणि दोघंही मोठ्यानं हसले.

शोधनिबंधावर तिघांची नावं लागली. बाईंना पदवी मिळाली. त्या दिवशी सासूबाई समारंभाला पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या, "डबा माझा होता." भट्टी बंद झाली नाही. काकांच्या जागी एक तरुण शास्त्रज्ञ मुलगी आली आणि निवृत्त झाल्यावरही काका तिला शिकवायच्या निमित्तानं येत राहिले. दार आपटणाऱ्यांना दरडावायला नवीन माणूस मिळेपर्यंत तरी आपल्याला आलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाई संस्थेतच राहिल्या. आता साठीला टेकल्यात, केस पांढरे झालेत, चिमटा अजून हातात स्थिर आहे. मधे एकदा त्या नव्या मुलीनं वेगळ्याच जातीचा स्फटिक वाढवून दिला. यातले चुंबकी आयन एकमेकांचे हात धरल्यासारखे लांब साखळ्यांत बसलेले. बाईंनी छातीठोकपणे भाकीत केलं, की इथंही आयन उष्णतेला अडवणार. मोजलं, तर साखळीच्या दिशेनं उष्णता भलतीच जोरात वाहत होती. चुंबक अडवत तर नव्हतेच, उलट एकाची थरथर दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला देत स्वतःच उष्णता वाहून नेत होते.

"मॅडम, आता हो?" ती मुलगी गोंधळून म्हणाली.

बाईंनी आलेख खिडकीपाशी उजेडात नेला, चष्मा कपाळावर चढवला आणि लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या. "आता काय! साफ तोंडघशी पडले की मी," त्या म्हणाल्या. "ये, खुर्ची घे. पहिल्यापासून बघू या."